हेवी लायसनच्या क्लासला नाव घालण्याआधी: गोव्यातल्या नव्या पोरांसाठी कागदांची तयारी

पाऊस ओसरायला लागला की आमच्या सत्तरी तालुक्यात दोन-चार पोरं तरी घरी येतात, काका हेवी, म्हणजे ट्रकचं लायसन, करायचंय, कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलला नाव घालू? मी त्यांना स्कूलचं नाव सांगायच्या आधी विचारतो, लायसन आणलंयस? आधार? जन्माचा दाखला कुठाय? बहुतेक वेळा लायसन खिशात असतं, आधार मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेलं असतं आणि जन्माचा दाखला आईच्या ट्रंकेत. मग मी सांगतो की आज घरी जा, तिन्ही कागद एका टेबलावर ठेव आणि तिन्हीवरचं तुझं नाव एक-एक अक्षर करून जुळव, मग ये. फी भरून झाल्यावर नाव जुळत नाही हे कळलं तर पैसेपण अडकतात आणि सीझनपण जातो, माझा गेलाय, ते पुढे सांगतो.

मी पिसुर्लेच्या बाजूला खाणीवर बरीच वर्षं टिप्पर मारला, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा घरी बसलो, परत चालू झाल्यावर परत चढलो, २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद झाल्या, तेव्हापासून वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतून माल घेऊन बाहेर जातो. म्हणजे गाडी शिकवणारा मी नाही, पण या कागदांच्या रांगेत खूप उभा राहिलोय. खाली जे लिहितोय ते त्या क्रमानेच करा, कारण यातली एक गोष्ट अडली की पुढची अडतेच.

पहिलं काम: आपलं लायसन नीट वाचा

नवीन पोरांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ७ सांगतं की ट्रान्सपोर्ट गाडीचं (ट्रक, टेम्पो, बस अशी धंद्याची गाडी) लर्निंग, म्हणजे शिकाऊ लायसन, मिळायला हलक्या गाडीचं, म्हणजे एलएमव्हीचं, पक्कं लायसन हातात येऊन कमीत कमी एक वर्ष झालेलं पाहिजे. एक वर्ष कुठून मोजायचं? एलएमव्ही लायसन मिळाल्याच्या तारखेपासून. लर्निंगच्या तारखेपासून नाही, आणि बाईकच्या तारखेपासून तर अजिबात नाही. आमच्याकडे पोरं अठरा पूर्ण झाले की बाईकचं लायसन काढतात आणि कारचं नंतर कधीतरी दोन-तीन वर्षांनी त्यातच घालून घेतात. कार्डावर वर मोठ्या अक्षरात पहिली तारीख दिसते ती बाईकची असते, पोरगा म्हणतो काका माझं लायसन चार वर्षांचं झालं, आणि मागे बघितलं तर एलएमव्हीच्या पुढची तारीख सात महिन्यांपूर्वीची. मग पाच महिने थांबण्याशिवाय इलाज नाही, कुठलाही एजंट 'करून देतो' म्हणाला तरी त्याला पैसे देऊ नका.

कार्ड उलटं करा, प्रत्येक प्रकारच्या गाडीपुढे वेगळी तारीख छापलेली असते ती बघा. कार्ड जुनं असून अक्षरं पुसली असतील तर परिवहनच्या सारथी साईटवर लायसन नंबर आणि जन्मतारीख घालून सगळी माहिती दिसते. तिथे तुमचं लायसन दिसलंच नाही तर समजायचं की ते जुन्या पुस्तकातलं, हाताने लिहिलेलं आहे आणि कॉम्प्युटरवर चढलेलंच नाही. याला बॅकलॉग एंट्री म्हणतात, ज्या ऑफिसने लायसन दिलं तिथेच जाऊन ती करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी हातात घ्या.

वयाचंपण इथेच बघून घ्या. कार अठराला चालते, ट्रान्सपोर्ट गाडीला वीस पूर्ण पाहिजेत. शिक्षणाची अट मात्र आता नाही, पूर्वी आठवी पास लागायचं, ते २०१९ मध्ये काढून टाकलं. चौथीत शाळा सोडलेल्या माणसालापण हेवी करता येतं, हे मुद्दाम लिहितोय कारण अजून पुष्कळ लोक शाळेचा दाखला नाही म्हणून मागे फिरतात.

आणि एक. ज्यांना फक्त छोटा हत्ती किंवा पिकअप मारायची आहे त्यांनी हेवीच्या मागे लागायची गरज आहे का ते आधी बघा. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं सांगितलंय की ७५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते. मडगाव मार्केटात भाजी पोचवणारी, फर्निचर मारणारी बरीचशी गाडी यातच बसते. गाडीच्या आरसीवर एकूण वजन लिहिलेलं असतं ते वाचा, आणि मग ठरवा.

दुसरं काम: नाव आणि जन्मतारीख जुळवणे

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण गोव्यात खरी गाडी इथेच रुतते. आपल्याकडे आडनावांची स्पेलिंगं दोन काळातली आहेत. पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं गांवकर वेगळं, देसाईमध्ये एक 'एस' की दोन, नाईकच्या शेवटी 'के' की 'क्यूयूई', शिरोडकरच्या सुरुवातीला 'एस' की 'एक्स', कामतचं तर विचारूच नका. आजोबांच्या कागदावर एक, बाबांच्या कागदावर दुसरं, आणि आधार काढताना सेंटरवाल्याने कानाला जे ऐकू आलं ते तिसरं. त्यात काही घरांत बाबांचं नाव मध्ये लिहितात, काही घरांत लिहीत नाहीत, कुणाच्या नावापुढे गावाचं आडनाव, कुणाच्या कुळाचं.

माझ्या दाखल्यावर आडनावात 'के' च्या जागी 'सी' होता आणि लायसनवर 'के'. इतकाच फरक. मी हेवीला गेलो तेव्हा एका स्कूलमध्ये आधी फी भरली, महिनाभर गाडीवर हात बसवला, आणि अर्ज काउंटरवर गेला तेव्हा दाखला आणि लायसन एकाच माणसाचे आहेत हे दाखवा म्हणून परत आला. मग ॲफिडेव्हिट, मग परत तारीख, मग गणेश चवथीच्या सुट्ट्या, आणि ऑक्टोबरात खाणीवर गाड्या लागल्या तेव्हा मी घरात. त्या वर्षी मालकाने माझी जागा दुसऱ्याला दिली, त्याची चूक नव्हती, त्याला गाडी उभी ठेवून परवडत नाही. घरात त्या सीझनच्या पैशावर काय-काय ठरलं होतं ते मला अजून आठवतं, म्हणून मी पोरांच्या मागे लागतो.

आता करायचं काय. एक कोरा कागद घ्या आणि उभ्या ओळीत लिहा: जन्माचा दाखला, आधार, एलएमव्ही लायसन, पॅन, इलेक्शन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो. प्रत्येकापुढे त्या कागदावर आहे तसंच्या तसं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख आणि बापाचं नाव उतरवा, मनाने नाही, बघून. जे वेगळं दिसेल त्याला गोल करा. बघा, यात तीन प्रकार निघतात.

एक म्हणजे आधारावर चूक आहे आणि बाकी सगळं बरोबर. हे सोपं, आधार केंद्रावर दाखला घेऊन जा आणि आधार सुधारा. पण जन्मतारीख आधारावर परत-परत बदलू देत नाहीत, म्हणून दाखल्यावर जी आहे तीच घालायची, एकदाच आणि नीट.

दुसरा म्हणजे लायसनवर चूक आहे. ही परिवहन ऑफिसात दुरुस्त होते, पण हेवीचा अर्ज घालायच्या आधी करून घ्या, कारण नवीन प्रकारची गाडी तुमच्या त्याच लायसन नंबरावर चढते आणि चूकपण तशीच पुढे जाते.

तिसरा म्हणजे दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त स्पेलिंगची पद्धत वेगळी. याला आपल्याकडे 'वन अँड द सेम' ॲफिडेव्हिट करतात, म्हणजे अमुक नावाचा आणि तमुक नावाचा माणूस मी एकच असं नोटरीसमोर लिहून देणं. ते करताना तुमच्या कोऱ्या कागदावर जेवढी स्पेलिंगं निघाली तेवढी सगळी एकाच ॲफिडेव्हिटमध्ये घाला. लोक दोन घालतात आणि सहा महिन्यांनी पासपोर्टला तिसरं निघतं, परत खर्च. मात्र आडनावच पूर्ण वेगळं असेल तर ॲफिडेव्हिटने भागेल असं धरून चालू नका, गोव्यात नावबदलाला १९९० चा वेगळा कायदा आहे, त्यासाठी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन रीतसर रस्ता विचारा आणि हेवी थोडं पुढे ढकला.

लग्न झालेल्या बायकांसाठी: लायसन माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल तर लग्नाच्या नोंदणीचा दाखला हा मधला दुवा आहे, त्याची प्रत काढून ठेवा. आणि ताई, वहिनी, जी कोण वाचत असेल तिने हे ऐकावं की कायद्यात बाईला हेवीची एकही वेगळी अट नाही. वयपण तेच, एक वर्षपण तेच.

जन्माचा दाखला हरवला असेल किंवा फाटला असेल तर नवीन प्रत काढा. गोवा ऑनलाइनच्या पोर्टलवरून अर्ज करता येतो, नाहीतर जिथे जन्म नोंदला तिथल्या रजिस्ट्रारकडे. दोन प्रती काढा.

तिसरं: आधारचा मोबाईल आणि राहण्याचा पत्ता

सारथीवर जवळजवळ सगळं ओटीपीवर चालतं. आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो, किंवा बाबांचा असतो, किंवा रिचार्ज न केल्याने कंपनीने काढून घेतलेला असतो. नंबर बदलायला कुठला कागद लागत नाही, स्वतः आधार केंद्रावर जाऊन अंगठा दिला की होतं. हे आधी करा.

आणि अर्जात नंबर तुमचाच घाला. सायबरवाला किंवा एजंट म्हणतो माझा घालतो, मेसेज आला की मी सांगतो, तुम्हाला कशाला त्रास. घालू देऊ नका. पाच वर्षांनी लायसन रिन्यू करायला जाल तेव्हा ओटीपी त्या माणसाच्या फोनवर जाईल आणि त्याचं दुकान तोपर्यंत असेल की नाही कोण सांगणार. अर्ज भरल्यावर जो ॲप्लिकेशन नंबर येतो त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि वहीतपण लिहून ठेवा, फोन पाण्यात पडतो.

पत्त्यासाठी आधार चालतं जर त्यावर तुम्ही खरोखर राहता तो पत्ता असेल तर. नसेल तर इलेक्शन कार्ड बघा, पासपोर्ट बघा, तेही जुन्या पत्त्यावर असेल तर आधी आधारवर पत्ता बदलून घेणं बरं.

आता सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ, खानापूर, बेळगावकडची जी पोरं म्हापशात, फोंड्यात, वास्कोत कामाला आहेत त्यांच्यासाठी. तुमचं एलएमव्ही लायसन एमएच-०७ किंवा केए-२२ चं आहे आणि क्लास गोव्यात करायचा आहे, असं चालतं का? कायद्यात असं आहे की जिथे राहता, धंदा करता, किंवा ज्या राज्यात तुमची ड्रायव्हिंग स्कूल आहे, तिथे अर्ज घालता येतो. पण तुमचं मूळ लायसन दुसऱ्या राज्याच्या रेकॉर्डवर आहे, म्हणून ज्या ऑफिसात टेस्ट देणार तिथे आधी जाऊन विचारा की पत्ता बदलून लायसन इकडे आणायला सांगतात की आहे तसं घेतात. हे विचारायला अर्धा दिवस जाईल, पण फी भरल्यावर ओरोसला आणि बेळगावला फेऱ्या मारण्यापेक्षा ते परवडतं. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर मालकाबरोबरचा करार रजिस्टर किंवा निदान नोटरी केलेला असू दे, तोंडी खोलीचा कुठेच उपयोग होत नाही.

चौथं: डॉक्टरचा कागद

साध्या कारला चाळिशीच्या आत स्वतःच लिहून दिलेलं चालतं, तो फॉर्म १. ट्रान्सपोर्टला वय काही असो, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १-ए. यावर तुमचा फोटो लागतो आणि डॉक्टरची सही-शिक्का त्या फोटोवरून गेलेला पाहिजे, अर्धा फोटोवर अर्धा कागदावर. शिक्क्यात डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर वाचता आला पाहिजे. कुठल्या डॉक्टरची सही चालते हे ऑफिसात विचारूनच जा, आयुर्वेदिकवाल्या ओळखीच्या डॉक्टरकडे सही घेऊन परत आलेले मी बघितलेत.

फॉर्ममध्ये काय असतं ते माहीत असू दे. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, तीव्र किंवा पूर्ण रंगआंधळेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, फीट येते का, चक्कर येऊन शुद्ध जाते का, हातापायात काही कमी आहे का. ब्लडग्रुपचीपण जागा असते, तो माहीत नसेल तर आधी तपासून घ्या.

माझं सांगणं असं की सर्टिफिकेटच्या आधी डोळे वेगळे तपासा. वाळपईच्या हेल्थ सेंटरला, डिचोलीला, म्हापशाच्या आझिलोत, मडगावच्या हॉस्पिसियोत, जे जवळ असेल तिथे ओपीडीत जा आणि रंगाच्या ठिपक्यांचं पुस्तक दाखवायला सांगा. रंगआंधळेपणा असलेल्या माणसाला स्वतःला वीस-बावीस वर्षं कळलेलं नसतं, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. हे क्लासची फी भरायच्या आधी कळलेलं बरं. चष्मा लागला तर काही बिघडत नाही, चष्मा लावून नंबरप्लेट वाचता आली तर सर्टिफिकेट मिळतं, फक्त मग गाडीवर चष्मा कायम. लाजेपायी चष्मा न लावता सर्टिफिकेट काढणाऱ्याला मी कळकळीने सांगतो, अनमोडच्या घाटात रात्री पावसात समोरून येणाऱ्या ट्रेलरचा लाईट डोळ्यावर आला की पांढरी पट्टी दिसत नाही, चांगल्या डोळ्यालापण दिसत नाही.

फीट येत असेल, कधी एकदाच आली असेल तरी, डॉक्टरपासून लपवू नका. त्या कागदावर तुमची स्वतःचीपण सही असते आणि मागे पंचवीस-तीस टन माल असतो.

पाचवं: स्कूलचे कागद तुम्ही तपासा

आपण आपले कागद त्यांना दाखवतो, त्यांचे आपण कोणी बघत नाही. ड्रायव्हिंग स्कूल चालवायला परवाना लागतो, तो फॉर्म ११ मध्ये असतो आणि भिंतीवर लावलेला असायला हवा. तारीख संपलीय का बघा. मग विचारा, हेवी गाडी तुमची स्वतःची आहे का, कुठली, बघू. बऱ्याच ठिकाणी दोन अल्टो उभ्या असतात आणि 'हेवीपण करून देतो' म्हणतात. याचा अर्थ होतो की ते तुम्हाला फॉर्म ५ देतील, म्हणजे शिकवल्याचं सर्टिफिकेट, आणि शिकवणार काही नाहीत. ट्रान्सपोर्टला फॉर्म ५ शिवाय अर्ज पुढे जात नाही हे त्यांना माहीत असतं, म्हणून त्या कागदाचेच पैसे घेतात. असा कागद घेऊ नका. टेस्ट कशीतरी पास झालात तरी दुसऱ्या दिवशी भरलेला दहा चाकी तुमच्या हातात कोण देणार, आणि कोणी दिलाच तर मला जास्त भीती वाटते.

नियमाप्रमाणे हेवीचं ट्रेनिंग कमीत कमी ३० दिवसांचं असतं. सरकारमान्य मोठ्या ट्रेनिंग सेंटरमध्ये हेवीचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत पुरा करायचा असतो. शिकवायच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूनेपण ब्रेक-क्लच असायला पाहिजे. स्कूलने तुमचं नाव रजिस्टरमध्ये घालायचं असतं, फॉर्म १४, आणि तुम्ही कुठल्या दिवशी किती वेळ गाडी चालवली ते फॉर्म १५ मध्ये, ज्यावर तुमची सही होते. पहिल्या दिवशीच म्हणा की मला दोन्ही दाखवा. चांगली स्कूल असेल तर मालक रागावत नाही, उलट खूश होतो की पोरगा विचारून आलाय. सगळ्या दिवसांच्या सह्या एकदम मागितल्या तर करू नका.

फीची पावती पाहिजेच, तीवर हेवी असं लिहिलेलं पाहिजे आणि त्या फीमध्ये सरकारी फी धरली आहे की वेगळी आहे ते लिहून घ्या. केंद्राच्या नियमात लर्निंगला एका प्रकारच्या गाडीला १५० रुपये, लर्निंगच्या परीक्षेला ५०, ड्रायव्हिंग टेस्टला ३०० आणि असलेल्या लायसनवर नवीन प्रकार चढवायला ५०० आहेत, त्यावर राज्याचं आणि कार्डाचं काही येतं. कोणी 'सरकारी खर्च' म्हणून आठ-दहा हजार सांगितले तर हा हिशोब समोर ठेवा. ऑनलाइन फी भरल्यावर पावती तुमच्या नावाने निघते, ती मागून घ्या.

ओरिजिनल कागद कुणाकडे ठेवायचे नाहीत. स्कूलकडे नाही, एजंटकडे नाही, 'दोन दिवसांत देतो' म्हणाला तरी नाही. झेरॉक्स द्या आणि प्रत्येक झेरॉक्सवर आडवी रेघ मारून लिहा, फक्त हेवी लायसनसाठी, तारीख, सही. आपल्या आधारच्या झेरॉक्सवर कुणी सिमकार्ड काढलं तर निस्तरायला आपणच जाणार.

सहावं: लर्निंग कधी काढायचं

ट्रकचं लर्निंग नसताना स्टेअरिंगला हात लावायचा नाही, स्कूलच्या गाडीवरसुद्धा. लर्निंग सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्की टेस्ट देता येत नाही. म्हणून लर्निंग आणि क्लास एकत्र जुळवा. कधी-कधी पोरं उत्साहात लर्निंग काढून ठेवतात, मग स्कूलमध्ये जागा नसते, मग पैसे नसतात, मग सहा महिने संपतात आणि परत पहिल्यापासून.

अर्ज भरताना एक प्रश्न अवयवदानाबद्दलपण येतो. ती सक्ती नाही, तुमची इच्छा. घरी बोलून ठरवा आणि मग टिक करा, सायबरवाल्याला परस्पर करू देऊ नका.

वेळेचं म्हणाल तर आमच्या बाजूला खाणीचा माल पावसात हलत नाही, ऑक्टोबरपासून गाड्या लागतात. म्हणजे जून-जुलैत कागद जुळवायचे, ॲफिडेव्हिट, आधार, डॉक्टर सगळं, चवथीच्या आधी लर्निंग हातात पाहिजे, कारण चवथीला ऑफिसं बंद आणि त्यानंतर आठवडाभर कोण जागेवर भेटत नाही. डिसेंबरवर अवलंबून राहू नका, ३ तारखेला सेंट झेवियरचं फेस्त म्हणजे चर्चचा सण, १९ ला मुक्तिदिन, मग नाताळ, महिना तसाच जातो.

जुने ड्रायव्हर, ज्यांचं हेवी संपून गेलंय

हे नवीन नाहीत, पण यांनाच आता परत शाळेत जावं लागतंय म्हणून लिहितो. २०१८ ला खाणी थांबल्यावर खूप जणांनी ट्रक विकले, कोण गवंडीकामाला गेला, कोण हॉटेलात वॉचमन लागला, कोणाला वाटलं आता परत कधी गाडीवर चढणार नाही, आणि लायसनचं ट्रान्सपोर्ट रिन्यू केलं नाही. तेव्हा ते तीन वर्षांचंच असायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचं झालं. कार्डावर दोन तारखा असतात, एक साध्या गाडीची आणि एक ट्रान्सपोर्टची. साध्या गाडीची तारीख पुढे असल्यामुळे लोकांना वाटतं लायसन चालू आहे.

ट्रान्सपोर्टची मुदत संपून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर रिन्यू होतं. एक वर्ष उलटून गेलं तर परत टेस्ट द्यावी लागते. तेव्हा दादांनो, लाज वाटून घेऊ नका, वीस वर्षं गाडी मारलेल्या माणसालापण हात बसवायला आठ-दहा दिवस लागतात, आणि आताच्या गाड्यांचे गियर आणि ब्रेक वेगळे आहेत. जुनं लायसन, जुनी रिन्यूची पावती, मिळेल ते घेऊन जा. संपलेल्या लायसनवर 'दोनच ट्रिपा' म्हणून कुणाच्या गाडीवर चढू नका. पोलिसांनी पकडलं तर पाच हजारांचा दंड आहेच, पण ॲक्सिडेंट झाला आणि ड्रायव्हरचं लायसन चालू नव्हतं असं निघालं तर इन्शुरन्स कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करायला येते, त्यात दोन घरं बुडतात, शिवाय ज्याला लागलंय त्याचं वेगळंच.

टँकरवर जायचं असेल तर

वास्कोहून पेट्रोल-डिझेल घेऊन निघणारे टँकर, गॅसचे, केमिकलचे, यांना नुसतं हेवी पुरत नाही. धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं वेगळं ट्रेनिंग करून लायसनवर तशी नोंद घ्यावी लागते, आणि त्यासाठी इंग्रजी आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा लिहिता-वाचता यावी लागते. मराठी आणि कोंकणी दोन्ही त्या यादीत आहेत. ही नोंद तीन वर्षांची असते. नवीन माणसाने लगेच याच्या मागे लागू नये असं माझं मत आहे, एक-दोन वर्षं साधा माल मारा, पण फाईलमध्ये एक जागा रिकामी ठेवा.

बस किंवा टॅक्सीकडे वळणाऱ्यांना बॅजचं प्रकरण वेगळं आहे, ते इथे घेत नाही.

फाईल

प्लास्टिकच्या पाकिटांची फाईल घ्या, पावसाळ्यात कागदाची फाईल टिकत नाही. पहिल्या पाकिटात जन्माचा दाखला, दुसऱ्यात आधार, तिसऱ्यात एलएमव्ही लायसनची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, मग पत्त्याचा पुरावा, ॲफिडेव्हिट, फॉर्म १-ए, फोटो आठ तरी, सगळे एकाच वेळी काढलेले, चष्मा लागत असेल तर फोटोतला चेहरा आणि रोजचा चेहरा सारखा असू दे. शेवटच्या पाकिटात सगळ्या पावत्या. हे सगळं स्कॅन करून स्वतःच्या ईमेलला पाठवून ठेवा, साईटवर चढवताना फाईलचा आकार मोठा झाला तर घेत नाही, तेव्हा सायबरमध्येच लहान करून घ्या. लायसन आणि आरसी डिजीलॉकरमध्ये ठेवलेलं पोलिसांना दाखवलं तर चालतं, म्हणून तेपण सुरू करून घ्या. जुनं चलन थकलेलं असेल तर भरून त्याची पावतीपण ठेवा.

पहिल्या दिवशी क्लासला जाताना ही फाईल, लर्निंगची प्रिंट आणि मागे घट्ट बसणारे बूट. चपलेने क्लच दाबता येत नाही, परत पाठवतात.